विमान ‘टेक्निकल’मुळे थांबलं तर: सांगली-साताऱ्याहून निघणाऱ्यांसाठी

उजळाईवाडीला नाहीतर लोहगावला बोर्डिंगची रांग लागलेली असते आणि घोषणा होते: तांत्रिक कारणामुळे विमानाला उशीर होत आहे. लगेच पोटात गोळा येतो. काय बिघडलं असेल? आत्ता घाईत दुरुस्त केलेल्या विमानात बसावं का? विटा-खानापूरकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली माणसं देशभर ये-जा करतात, त्यांनाही हा प्रश्न पडतो. मग नातवंडांना भेटायला पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आजी-आजोबांची काय कथा! ही धास्ती बरीचशी माहिती नसल्यामुळे असते. म्हणून घोषणेपासून सामान हातात येईपर्यंत काय दिसतं, काय ऐकू येतं, त्यातलं काय सोडून द्यायचं आणि काय लगेच क्रूला सांगायचं, ते इथे देत आहोत.

घोषणेनंतर नेमकं काय चालतं

प्रत्येक विमानात एक टेक्निकल लॉग असतो. वैमानिकाला जे काही खटकलं ते त्यात लिहावंच लागतं. एकदा लिहिलं की डीजीसीएचा, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना असलेला इंजिनीअर ते पाहून सही करेपर्यंत विमान हलत नाही. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. बिघाड जागेवर दुरुस्त करायचा, विमान बाजूला काढून दुसरं मागवायचं, किंवा तो बिघाड नोंदवून काही दिवसांसाठी पुढे ढकलायचा.

तिसरी वाट ऐकून लोक दचकतात. ‘म्हणजे बिघडलेलं विमान उडवतात?’ हो, पण मनाला येईल ते नाही. विमानाच्या प्रत्येक मॉडेलसाठी ‘एमईएल’ नावाची मंजूर यादी असते. कोणती वस्तू बंद असताना उडायला हरकत नाही, त्यासाठी कोणती जादा काळजी घ्यायची आणि किती दिवसांत दुरुस्ती व्हायलाच हवी, हे त्यात लिहिलेलं असतं. बी गटाला ३ दिवस, सी गटाला १० दिवस, डी गटाला १२० दिवस. ए गटाची मुदत त्या त्या वस्तूपुढे वेगळी दिलेली असते. वाचायचा दिवा, एखादं टॉयलेट, दोनपैकी एक एसी पॅक अशा गोष्टी या यादीत सापडतात. एसी पॅक एकच चालू असेल तर विमान कमी उंचीवरून न्यावं लागतं, आणि हेही त्या यादीतच असतं. ज्या वस्तूशिवाय उडताच येत नाही, तिला यादीत सूटच नसते.

याहून मोठी कामं ठरल्या वेळी होतात. गाळप संपलं की साखर कारखान्यात मिलचे रोलर काढतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, टर्बाईन उघडतात. बिघडेपर्यंत कुणी थांबत नाही. विमानाचंही तसंच. दोन फेऱ्यांच्या मधे बाहेरून एक चक्कर, मग रोजची किंवा दोन दिवसांची तपासणी, काही शे तासांच्या उड्डाणांनंतर ‘ए चेक’, आणि साधारण दीड-दोन वर्षांनी ‘सी चेक’. त्यापुढच्या मोठ्या उघडणीत खुर्च्या, फरशी, आतल्या भिंती सगळं काढून सांगाड्याला कुठे गंज किंवा तडा आहे का ते पाहतात. नागपूरच्या मिहानमध्ये अशा कामाचे मोठे हँगर आहेत.

आता प्रवाशाच्या कामाची गोष्ट. उशीर ‘अर्धा तास, अजून अर्धा तास’ असा का लांबतो? कारण आधी दोष शोधायचा, मग पार्ट मिळवायचा, बसवायचा, चाचणी घ्यायची आणि शेवटी कागद पुरे करायचे. कोल्हापूरसारख्या छोट्या विमानतळावर सुट्या भागांचा साठा नसतो. पार्ट मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूरुहून पुढच्या विमानाने येतो, कधी इंजिनीअरही त्याच विमानातून येतो. म्हणून काउंटरवर एकच प्रश्न विचारा: ‘पार्ट इथे आहे की बाहेरून येणार आहे?’ बाहेरून येणार असेल तर अर्ध्या तासाच्या आश्वासनावर बसू नका. घरी आणि पुढे फोन करून मोकळे व्हा. दुसरा प्रश्न: ‘क्रूची ड्यूटी किती वाजेपर्यंत आहे?’ वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. दुरुस्ती झाली तरी तास संपल्यामुळे फेरी रद्द होऊ शकते.

२०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनांचे काही भाग ज्या धातूच्या भुकटीतून घडवले होते, त्या भुकटीत दोष सापडला. इंजिनं तपासणीसाठी उतरवावी लागली आणि भारतातल्या विमानांसह जगभरची शेकडो विमानं जमिनीवर उभी राहिली. अशा वेळी कंपन्यांकडे बदली विमान हाताशी नसतं आणि एका फेरीचा उशीर दिवसभर पुढच्या फेऱ्यांना लागत जातो.

पट्टी, टायर, खिडकीचं भोक

पंखाच्या मुळाशी किंवा इंजिनाच्या आवरणावर चंदेरी पट्टी चिकटवलेली दिसते. ती आपली खोके बांधायची टेप नव्हे. ती अॅल्युमिनियमच्या पत्र्याची टेप असते, बोलीत ‘स्पीड टेप’. भार न पेलणाऱ्या आवरणाची कड किंवा सुटलेलं सीलंट झाकायला ती लावतात. कुठे, किती लावायची आणि पुन्हा कधी तपासायची हे मॅन्युअलमध्ये असतं आणि लॉगमध्ये नोंदलं जातं. अमेरिकेला जाताना बोइंग ७८७ मिळालं आणि पंखावर रंग उडालेले चट्टे नि त्यावर पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका. तो पंख कार्बन फायबरचा असतो. रंग निघालेल्या जागी ऊन थेट लागू नये म्हणून टेप लावतात.

कोल्हापूरला विमानापर्यंत चालत जाताना चाकं जवळून दिसतात. टायरवर आडवी नक्षी नाही, फक्त उभ्या चरा आहेत, म्हणून ‘टायर गुळगुळीत झालाय’ असं वाटतं. विमानाचा टायर असाच असतो. चरीची खोली संपत आली की बदलायचा, हीच त्याची खूण. एअरबस ए३२०च्या मोठ्या चाकात सुमारे २०० पीएसआय दाब असतो, आणि आत साधी हवा नाही, नायट्रोजन असतो, म्हणजे ब्रेक तापले तरी आगीला आतून प्राणवायू मिळत नाही. रिमोल्ड टायर विमानालाही चालतात; ते ठरलेल्या पद्धतीने आणि ठरावीक वेळाच केलेले असतात.

खिडकीच्या काचेत खाली बारीक भोक असतं. ते कुणी पाडलेलं नाही. दाब बाहेरची काच पेलते; मधल्या काचेला ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यामुळे दोन काचांमधला दाब सारखा राहतो आणि दमटपणा निघून जातो. पंखाच्या मागच्या कडेला ज्या बारीक काड्या दिसतात त्या हवेच्या घर्षणाने साठलेली वीज सोडण्यासाठी असतात. एखादी तुटलेली असली तर किती चालतात याची मर्यादा ठरलेली आहे.

आवाज, त्यांच्या क्रमाने

एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान, उभं असताना कधी डावा पंखा बंद, उजवाही स्थिर, पण उजवीकडून इंजिनाचा आवाज मात्र येतोय असं दिसतं. इंजिन चालू आणि पंखा अडकला असं लोकांना वाटतं. एटीआर-७२ला जमिनीवर वीज पुरवायला शेपटीत वेगळं इंजिन नसतं. म्हणून उजवं इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावून ठेवतात. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. आवाजाचा त्रास होत असेल तर या विमानात पंख्यांच्या रांगेतली पुढची सीट टाळून मागची घ्या. चढायचं दारही मागेच असतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना तेही सोयीचं पडतं.

जेट विमानांच्या शेपटीत मात्र ते छोटं इंजिन, एपीयू, असतं. ते बंद असेल तर गेटवर उकडतं. एसी नीट सुरू होतो तो मोठी इंजिनं चालू झाल्यावर. वीज एका ठिकाणाहून दुसरीकडे वळताना दिवे क्षणभर मिचकतात. पावसाळ्यात छताजवळच्या झरोक्यांतून पांढरा लोट आला तर तो धूर नसून दमट हवेचं धुकं असतं. ओळखायची खूण अशी: धुक्याला वास नसतो आणि ते काही सेकंदांत विरतं.

ए३२० जातीच्या विमानात दुसरं इंजिन सुरू होताना किंवा उतरल्यावर एक इंजिन बंद केल्यावर पायाखालून करवतीने लाकूड कापल्यासारखा, कुत्रा भुंकल्यासारखा ‘घर्र-घर्र’ आवाज येतो. तो पीटीयू. एका हायड्रॉलिक यंत्रणेचा जोर दुसरीला देणारा तो पंप आहे.

उड्डाणाच्या धावेत खालून ठक-ठक येते, ती धावपट्टीच्या मधल्या दिव्यांवरून चाक गेल्याची. डोक्यावरचे कप्पे खडखडतात, ते प्लॅस्टिकचे आहेत. जमीन सुटल्यावर काही सेकंदांत मोठा ‘धाड’: चाकं आत गेली, दारं मिटली. मग साधारण १,००० ते १,५०० फुटांवर इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि आपण खाली चाललोय असं वाटतं. बऱ्याच जणांच्या हाताची मूठ इथेच वळते. विमान त्या वेळी वरच चढत असतं. धावपट्टीवर लागणारा जादा जोर आता लागत नाही म्हणून तो कमी केलेला असतो, आणि चढण्याचा वेग कमी झाला की आपल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेला ते पडल्यासारखं भासतं. दुचाकी पळताना अॅक्सिलरेटर सोडला की अंग पुढे झुकतं, तसंच हे.

उतरताना पंखावरचे पत्रे उभे राहिले की विमान थरथरतं. ते वेग मारण्यासाठी. फ्लॅप बाहेर येताना मोटरीचा लांबट आवाज येतो. टेकल्यावर इंजिनं गर्जतात, तो उलटा जोर असतो. पावसात विमान जरा आदळल्यासारखं टेकवतात, कारण हळुवार टेकवलं तर चाक पाण्याच्या थरावर घसरू शकतं.

हे मात्र सांगायचंच

पंखाच्या पृष्ठभागावरून सतत वाहणारी द्रवाची धार. इंजिनातून ज्वाळा किंवा ठिणग्या. जळकट किंवा वायर जळाल्यासारखा वास, विशेषतः वाढत जाणारा. खिडकीच्या काचेला तडा. सुटून फडफडणारा पत्रा. दिल्ली-लेह किंवा परदेशात थंडीत पंखावर साचलेला बर्फ. यातलं काही दिसलं की बेल दाबा आणि मोजकं बोला: ‘२२ नंबरची रांग, डावी बाजू, पंखाची मागची कड, आत्ता दोन मिनिटांपासून.’ रांग, बाजू, जागा, वेळ. फोनवर फोटो घेता आला तर घ्या, पण सांगण्याआधी फोटोत वेळ घालवू नका.

‘त्यांना ठाऊक असेलच’ असं समजून गप्प बसू नका. वैमानिकाला कॉकपिटमधून प्रवासी विमानाचे पंख आणि इंजिनं बहुधा दिसतच नाहीत. ८ जानेवारी १९८९ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७ पडलं आणि ४७ माणसं गेली. डावं इंजिन बिघडलं होतं, वैमानिकांनी उजवं बंद केलं आणि तशी घोषणाही केली. मागे बसलेल्या काही जणांनी डाव्या बाजूला ज्वाळा पाहिल्या होत्या. ही विसंगती पुढे कॉकपिटपर्यंत पोचली नाही. त्यानंतर क्रूच्या प्रशिक्षणात मागून आलेली माहिती पुढे नेण्यावर मोठा भर आला. तुम्ही सांगितलेलं क्षुल्लक निघालं तरी कुणी रागावणार नाही, आणि रागावलंच तरी सांगा.

आणखी एक: मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका. फोन चिरडला तर बॅटरी पेटते. क्रूला बोलवा. पॉवर बँकही फक्त हातातल्या बॅगेत, डिकीत जाणाऱ्या सामानात कधीच नाही.

कानाला दडे, पोट, पाय

खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात कानाला दडे बसतात, तेच इथे जास्त जोरात होतं. विमानातली हवा जमिनीसारखी दाट नसते. ६,००० ते ८,००० फुटांवर असावी तशी ठेवलेली असते. महाबळेश्वर सुमारे ४,५०० फूट आणि कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिखरापेक्षा आपण वर बसलेलो असतो. चढताना कानातली हवा घशाकडच्या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र ती नळी दाबाने मिटते, म्हणून कळ उतरतानाच येते. दुखायला लागल्यावर उपाय करून फारसा उपयोग होत नाही. विमान खाली झुकायला लागलं, म्हणजे उतरण्याआधी साधारण २५-३० मिनिटं, तेव्हाच सुरुवात करा.

नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, आणि मेणबत्ती हलेल इतकीच हळू फुंकर नाकात दाबा. कानात ‘पट्’ झालं की सोडा. जोर लावलात तर पडद्याला इजा होते. जमत नसेल तर नाक धरून आवंढा गिळा. दर दोन-तीन मिनिटांनी करत राहा. लिमलेटची गोळी चघळली तरी आवंढे गिळले जातात. तान्ह्या बाळाला त्याच वेळी दूध पाजा, आणि मोठ्या मुलांना उतरताना झोपू देऊ नका. झोपेत गिळणं थांबतं. सर्दी असेल तर झायलोमेटाझोलीनसारखे नाकाचे थेंब उतरण्याआधी अर्धा तास घालतात, पण रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. नाक पार बंद, कपाळ जड, कान ठणकतोय अशा अवस्थेत तारीख पुढे ढकलणंच बरं.

मिरजेत उपचार करून परतणाऱ्यांसाठी हे नीट वाचा. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला असेल, तर तो जिरल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत विमानात बसायचं नाही. वर तो बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. ताजं प्लॅस्टर असेल तर ते चिरून घ्यायचं का, हेही विचारा. आत सूज वाढली की ते आवळतं. पोटाचं ऑपरेशन, हार्ट अॅटॅक, तीव्र रक्तक्षय, यात किती दिवस थांबायचं ते लेखी घ्या आणि फिटनेसचा कागद जवळ ठेवा.

पोटातला वायूही वर गेल्यावर सव्वापटीच्या आसपास फुगतो. त्यामुळे आदल्या रात्री मिसळ, उसळ आणि विमानात सोडा-कोल्ड्रिंक नको. हवा फार कोरडी असते, दमटपणा १० ते २० टक्के. थोडं थोडं पाणी पीत राहा, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. डिकीत ते गोठून निकामी होऊ शकतं. दम्याचा पंपही वरच्या कप्प्यात नाही, समोरच्या खिशात.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी पंखाजवळची सीट मागावी, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. एटीआरमध्ये तीच जागा आवाजाची, तेव्हा कशाचा त्रास जास्त ते ठरवा. मोबाइल बंद, नजर क्षितिजावर, मान सीटला टेकवून स्थिर. एसटीत घेतो ती ॲव्होमिन चालते, पण निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली उलटून पडते. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत.

चार तासांपेक्षा लांब प्रवासात तासाला एकदा टाच टेकून चवडे वर, मग चवडे टेकून टाच वर, असं वीस वेळा. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं. फुगलेल्या शिरा असतील, आधी कधी गुठळी झाली असेल, तर गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे डॉक्टरांकडून माप घेऊन घ्या. कुणी सांगितलं म्हणून अॅस्पिरिन घेऊ नका.

हादरे

मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या पठारावरून हवा उसळते, पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग दाटतात. एटीआर मोठ्या जेटपेक्षा खालून उडतं, म्हणून त्यात हे जास्त जाणवतं. पहाटेची फेरी बहुधा शांत असते. निवड असेल तर तीच घ्या. पंख वाकताना दिसतो ते बरोबरच आहे, वाकण्यासाठीच तो घडवलेला असतो. सेवेत येऊ शकेल त्या सगळ्यात मोठ्या भाराच्या दीडपट भार पेलल्याशिवाय विमानाच्या रचनेला मान्यताच मिळत नाही. हादऱ्यात जखमी होतात ते मुख्यतः बेल्ट न बांधलेले. दिवा विझला तरी बेल्ट सैलसर बांधून ठेवा, कमरेच्या हाडावर, पोटावर नको.

उशीर झाला तर काय मागायचं

अडीच तासांपर्यंतच्या फेरीला दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर डीजीसीएच्या नियमांप्रमाणे खाणं-पिणं कंपनीने द्यायचं. सहा तासांपेक्षा जास्त असेल तर दुसरी फेरी किंवा पूर्ण परतावा, यातलं एक तुम्ही निवडायचं. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानची फेरी सहा तासांहून जास्त लांबली तर मुक्कामाची सोय. हे आपणहून न मिळाल्यास काउंटरवर नियमाचा उल्लेख करून मागा, आणि तरी नाही मिळालं तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. बोर्डिंग पास, उशिराचा मेसेज आणि खाण्याची बिलं त्यासाठी जपून ठेवा.

परदेशी जाणाऱ्यांनी कोल्हापूर-मुंबई किंवा पुणे-दिल्लीचा टप्पा आणि पुढचा मोठा टप्पा एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्यावा. मग पहिलं विमान टेक्निकलमुळे थांबून पुढचं चुकलं तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं असतील तर ती जबाबदारी तुमची, आणि मग मधे पूर्ण एक दिवस ठेवावा. साताऱ्याहून लोहगाव सव्वाशे किलोमीटरच्या आत असलं तरी शनिवार-रविवारी खंबाटकी आणि खेड शिवापूरचा टोलनाका मिळून दीड तास खाऊ शकतात. देशातल्या फेरीलाही विमानाच्या वेळेआधी साडेपाच तास घर सोडा.